मालकीचा आठवडा

आमच्या घरमालकांनी मुलीच्या लग्नात मांडववाल्याकडून खुर्च्या आणायला साफ नकार दिला आणि दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या विकत घेतल्या. लाल भडक. लग्न एक दिवसाचं. दुसऱ्या दिवशी त्या एकीत एक अडकवून चाळीतल्या शेवटच्या खोलीत छतापर्यंत रचल्या गेल्या, आणि मी ती चाळ सोडली तेव्हाही तिथेच होत्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने त्यांचं आडनाव लिहिलेलं होतं.

"एका दिवसासाठी दोनशे खुर्च्या?" मी विचारलं होतं.

"मंग काय व्याह्याला भाड्याच्या खुर्चीवर बसवू?" ते उसळून म्हणाले. "लोक काय बोलतील?"

हे कोण म्हणत होतं? बोईसरजवळ सरावलीत बारा खोल्या बांधून, त्यात बिहारपासून जळगावपर्यंतचे कारखान्यातले कामगार भरून, त्यांच्या भाड्यावर दोन वेळ मासळी खाणारा माणूस. भाड्यावर जगायचं आणि भाड्याने राहणाऱ्याला अर्धा माणूस समजायचं. माझं डोकं तेव्हाही फिरायचं आणि आज लिहितानाही फिरतंय.

ते मूळचे समुद्राकडच्या गावचे. तिकडे त्यांची चिकूची वाडी होती, ती भाऊ बघायचा. हे सरावलीत राहायचे. खाकी अर्धी चड्डी, वर बनियन, आणि कमरेच्या करगोट्यात ओवलेला किल्ल्यांचा जुडगा. चालताना तो वाजायचा, त्यामुळे ते कुठल्या खोलीच्या आसपास आहेत हे आम्हाला आतून कळायचं. बोईसर स्टेशनवरून घरी यायला ते कधी रिक्षात बसले नाहीत. आपली स्कूटर बंद असेल तर भर उन्हात पायी येत, पण भाड्याच्या गाडीत नाही. शिडी, बादली, फावडं, छत्री, सगळ्यांवर आडनाव. अंगणातल्या शेवग्याच्या खोडावरसुद्धा. आणि त्यांना काका म्हटलेलं चालायचं नाही. मालक म्हणायचं. मी हट्टाने काका म्हणायचो आणि ते हट्टाने ओ द्यायचे नाहीत.

या सगळ्याच्या मुळाशी एक जुनं दुखणं होतं. त्यांच्या वडिलांची डोंगराकडची भातशेती कूळकायद्यात कुळाकडे गेली होती. "भाड्यान दिलं ते गेलं," हे त्यांचं पालुपद. ज्यांनी दोन पिढ्या ती जमीन राबून पिकवली त्यांनाच ती मिळाली, यात मला काही वाईट दिसत नव्हतं आणि एकदा मी तसं बोललोही. पुढचे आठ दिवस आमच्या नळाला पाणी उशिरा सुटत होतं.

आता काकूंबद्दल सांगतो, कारण हे सारं खरं त्यांच्याबद्दल आहे. मालकांची बायको. लग्न होऊन आल्यापासून वाडी, मग चाळ, मग चाळीतली आम्ही माणसं, एवढंच त्यांचं जग. पहाटे उठून घरात पहिला चहा त्याच करायच्या आणि शेवटची भांडीही त्याच घासायच्या. मुलीच्या सासरच्यांनी त्यांना लग्नात एक लोकरीची शाल दिली होती, मोरपंखी रंगाची. बोईसरच्या हवेत लोकरीची शाल पांघरायची कधी? ती कपाटात डांबराच्या गोळ्यांत पडून होती. आमचं गाव वाईजवळ. माझी बायको लग्न होऊन नवी आली तेव्हा गप्पांत एकदा म्हणाली, की आमच्याकडून घाट चढून वर महाबळेश्वरला गेलं, की भर मे महिन्यात सकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागतं.

"मे महिन्यात?" काकू पदराने मान पुसत म्हणाल्या. "खोटं सांगते ही पोरगी."

मग त्यांनी कपाटातून शाल काढून आणली, मांडीवर ठेवली आणि पुन्हा सगळं विचारून घेतलं. थंडी किती असते, सकाळी धुकं असतं का, चहा कोण करतं.

"कोण करणार, हॉटेलवाला आणून देतो," बायको म्हणाली.

"खोलीत?" काकूंनी विचारलं.

तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलं. मे महिन्यात शाल पांघरून बसायचं आणि दुसऱ्याने केलेला चहा प्यायचा. एवढीच एक मागणी त्या बाईने नवऱ्याकडे आयुष्यात केली असेल.

आणि मालकांनी ती मनावर घेतली, हेही सांगायला हवं. घेतली म्हणूनच सगळा घोटाळा झाला. पालघरला कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी चिठ्ठी भरली होती. तुम्हाला बक्षीस लागलंय, जोडीने या, असा फोन आला. हॉटेलचा गार हॉल, टाय लावलेली पोरं, समोसे, आणि कुणी सही केली की सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवायच्या. हे मला काकूंनी नंतर सांगितलं. त्यांतल्या एका पोराने मालकांना दोन मिनिटांत ओळखलं. "सर, तुम्ही मालक माणूस," तो म्हणाला. "मालक माणूस हॉटेलला भाडं भरतो का? दरवर्षी एक आठवडा महाबळेश्वरात तुमच्या मालकीचा, पंचवीस वर्षं." माझ्या तोंडून त्यांनी मालक ऐकायला दोन वर्षं वाट पाहिली होती, त्या पोराने एका दमात दोनदा म्हटलं. काकूंनी तेवढं विचारलं, "मे महिन्यात भेटेल ना?" "आई, तुम्ही म्हणाल तेव्हा," पोरगा म्हणाला. टाळ्या वाजल्या. काकूंना स्टीलचा डबा मिळाला.

मालकांनी त्याला सातबारा मागितला. खरंच मागितला. पोरगा हसला असेल, पण त्याने एक चकचकीत प्लास्टिकचं कार्ड दिलं. ते कार्ड मालकांनी चाळीच्या कागदांबरोबर ट्रंकेत ठेवलं, आणि दसऱ्याला इतर कागदांबरोबर त्याच्यावरही हळदकुंकू वाहायला लागले.

कार्डाबरोबर एक जाडजूड इंग्रजी फाइल मिळाली होती. ती ते वाचायला माझ्याकडे घेऊन आले. पण कुठल्या दिवशी आले, ते आधी सांगतो.

आमच्या चाळीत अकरा महिन्यांचा करार असायचा. तसा तो सगळीकडेच असतो, अकरा महिने झाले की नवा कागद करायचा. आमच्या मालकांना कागदावर भरवसा नव्हता. भाडेकरू सलग राहिला की त्याचा हक्क लागतो, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. म्हणून करार संपेल त्या दिवशी सकाळी आठ वाजता खोलीतलं सगळं सामान अंगणात काढायचं. सगळं म्हणजे सगळं. देव, सिलिंडर, लोणच्याची बरणी, दोरीवरचे कपडे. मग मालक रिकामी खोली स्वतः झाडायचे, धुवायचे, मधोमध चटई टाकायचे आणि दुपारी तिच्यावर तास-दीड तास झोपायचे. याला ते ताबा घेणं म्हणायचे. दिवेलागणीला कुलूप काढून किल्ली परत. दिवसभर बसायला प्रत्येक घराला दोन लाल खुर्च्या मिळायच्या, ही त्यांची मेहेरबानी. शेजारचा बिहारी फिटर दरवर्षी म्हणायचा, "मालिक, हम कहाँ भाग रहे हैं?" मालक त्याच्याकडे न बघता बादली उचलायचे.

माझ्या लग्नानंतर दीड महिन्यात आमची पाळी आली. मी रात्रपाळी करून आलो तर बायको अंगणात लाल खुर्चीवर बसलेली, मांडीवर देव्हारा. भोवती तिच्या माहेरची नवी भांडी, गादी, माझे जुने बूट. रस्त्यावरून कारखान्यांच्या बस जात होत्या आणि खिडक्यांतून माणसं बघत होती. मी तिला या दिवसाबद्दल आधी सांगितलं नव्हतं. लाज वाटली होती. आणि नेमके त्याच दिवशी, न कळवता, माझे सासरे आले. वाईहून रात्रभर प्रवास करून, लेकीसाठी स्ट्रॉबेरीचे खोके घेऊन. फाटकातून त्यांनी लेक बघितली, उघड्यावरचा संसार बघितला.  काकूंनी त्यांना आत नेलं, जेवायला घातलं, बायकोला जवळ बसवलं. आत आमच्या खोलीत मालक झोपले होते, घोरणं अंगणात ऐकू येत होतं. संध्याकाळी सासऱ्यांना गाडीत बसवून द्यायला गेलो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जावईबापू, जमलं तर स्वतःचं घर बघा."

मी स्टेशनवरून परतलो तेव्हा किल्ली देऊन झाली होती आणि मालक माझ्या दारात उभे होते, काखेत ती फाइल. "जरा वाच रे. विंग्रजी हाय. काय फसवाफसवी नाय ना?"

मी वाचली. लॅबमध्ये काम करणारा माणूस मी, बारीक अक्षर वाचायची सवय. त्यात सगळं लिहिलेलं होतं. खोली ठरावीक नाही. आठवडा ठरावीक नाही. जागा शिल्लक असेल तरच मिळेल. सुट्टीच्या दिवसांत हक्क सांगता येणार नाही. देखभालीचा आकार दरवर्षी भरायचा, गेलात तरी आणि नाही गेलात तरी. आणि शेवटच्या पानावर, दहा दिवसांत नको असेल तर रक्कम परत. आठ दिवस शिल्लक होते.

मालकीचं असं त्यात काहीच नव्हतं. तो माणूस पंचवीस वर्षांसाठी भाडेकरू झाला होता, तोही न मिळणाऱ्या खोलीचा. मला ते स्वच्छ दिसलं. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. मी फाइल मिटली आणि म्हणालो, "छान आहे, मालक."

पहिल्यांदाच मालक म्हणालो. त्यांचा चेहरा उजळला. माझ्या पाठीवर थाप मारून किल्ल्या वाजवत ते गेले.

पुढची सहा वर्षं मी जे पाहिलं, त्याने माझा संताप नुसता वाढत गेला. दर फेब्रुवारीत काकू शाल उन्हात घालायच्या आणि मालक फोन घेऊन बसायचे. मे भरला. दिवाळी भरली. नाताळ भरला. पलीकडची बाई गोड आवाजात सांगायची, की सर, तुम्ही आठवडा पुढच्या वर्षात ढकलू शकता. मालक तिला विचारायचे, "माझीच खोली हाय ना? मंग तिच्यात हाय कोण?"  देखभालीचं बिल मात्र एका वर्षीही चुकलं नाही. त्या गोड आवाजाच्या बाईवर ओरडून उपयोग नव्हता, तिला तेच बोलायला बसवलेलं. ज्यांनी बसवलं होतं, त्यांना फोनच लागत नव्हता.

तिसऱ्या वर्षी मी न राहवून म्हणालो, "मालक, तिथे साधी लॉजं आहेत. दोन दिवस भाड्याने खोली घ्या, काकूंना फिरवून आणा. आवडलं तर पुढल्या वर्षी परत जा, नाही आवडलं तर दुसरीकडे जा. त्यासाठी मालक कशाला व्हावं लागतं?"

"आणि दोन दिवसांनी हातात काय रहातंय?"

"आठवण राहील."

"आठवणीचा सातबारा निघतो काय?" ते म्हणाले. "तिथं माझी सोताची खोली असताना मी दुसऱ्याच्या खोलीत भाड्यान झोपू? अक्कल हाय का?"

मग बायको म्हणाली, काकूंना आमच्या घरी पाठवा. वाईला आई आहे, तिथून वर घेऊन जाईल. तर मालकांचं म्हणणं, लोकांच्या घरी कशाला, आपलं हाय. काकू दारात उभ्या होत्या. "अवो, भाड्याची असली तरी खोली गारच असेल ना?" त्या हळूच म्हणाल्या. "तू गप," मालक म्हणाले. त्या आत गेल्या. दरम्यान त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. आधी जिना टाळायच्या, मग जमिनीवर बसणं सुटलं. पाचव्या वर्षी त्या लाल खुर्चीवर बसून भाकऱ्या थापत होत्या.

सातव्या वर्षी खोली मिळाली. जुलैत. भर पावसाळ्यात महाबळेश्वरात कोण जातं? दुकानांना ताडपत्र्या, धुक्यात हात दिसत नाही, वाळत घातलेला कपडा चार दिवस ओला. मी सांगितलं, नका जाऊ. पण मालकांना आता ताबा घ्यायचा होता. त्यांनी बरोबर काय नेलं, तर स्वतःचं कुलूप, झाडू, हातोडी, खिळे आणि पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा.

पुढचं सगळं काकूंनी सांगितलं. खोली दुसऱ्या मजल्यावर होती, लिफ्ट बंद. काकूंना दोन पोरांनी धरून वर चढवलं, त्यानंतर सात दिवस त्या खाली उतरल्याच नाहीत. खिडकीतून पांढरं धुकं दिसत होतं, दुसरं काही नाही. शाल पहिल्याच दिवशी दमट झाली आणि वास मारायला लागली. चहा म्हणाल तर खोलीत किटली आणि पुड्या ठेवलेल्या. म्हणजे तोही काकूंनीच केला. मालकांनी खोली झाडली, धुतली, भिंतीवर खिळा ठोकून दिनदर्शिका लावली आणि दाराच्या मागे आडनाव लिहिलं.

सातव्या दिवशी सकाळी दहाला मॅनेजर आला. खोली सोडा म्हणाला.

"सोडा म्हंजे?" मालक म्हणाले. "मी मालक हाय."

"हो सर, पण दुसरे मालक आलेत."

दारात खरंच एक गृहस्थ उभे होते, पुण्याकडचे, सोबत बायको आणि सुना-नातवंडं. त्यांच्या हातात तसलंच कार्ड. "ही आमची खोली आहे," ते म्हणाले. मालकांनी त्यांच्या अंगावर धावून जायचं तेवढं बाकी ठेवलं. ट्रंकेतलं कार्ड दाखवलं, दाराच्या मागचं नाव दाखवलं. नाव बघून मॅनेजरने रंगकामाचा दंड लावला. मग पोरांनी सामान उचलून व्हरांड्यात काढलं. बॅगा, झाडू, हातोडी, ओली शाल. काकूंना कुणीतरी एक प्लास्टिकची खुर्ची दिली. गाडी दुपारी तीनची होती. तोवर त्या तिथे बसून राहिल्या आणि येणारे-जाणारे बघत राहिले.

"तुझ्या बायकोची आठवण आली मला," काकू म्हणाल्या. "ती अशीच बसलेली, मांडीवर देव घेऊन."

मालक मात्र सुधारले नाहीत. परत आल्यावर पंधरा दिवस त्या कंपनीला शिव्या घातल्या, आणि आमचे अकरा महिने भरले त्या दिवशी सकाळी आठला बादली-झाडू घेऊन दारात हजर. "सामान काढा," म्हणाले. मला क्षणभर वाटलं, याच्या डोक्यात ती बादली उलटी करावी. आतापर्यंत आमचं पोर पाच वर्षांचं झालं होतं. त्याला हा दिवस सणासारखा वाटायचा, ते खेळणी घेऊन आधीच अंगणात पळालं.

तेवढ्यात काकू घरातून बाहेर आल्या. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत. आमच्या दोन खुर्च्यांतली एक त्यांनी ओढली आणि आमच्या गादीशेजारी बसल्या.

"तू कशाला बाहेर?" मालक म्हणाले. "जेवणाचं बघ."

"आज मीपण बाहेरच," काकू म्हणाल्या. "ह्यांची खोली उघडेल तवा आमची चूल पेटेल."

मालक हसले. खोली धुतली, चटई टाकली, कडी न लावता आत पडले. पण घोरणं काही ऐकू येईना. अकरा वाजता बाहेर आले, काकूंकडे बघून आत गेले. बारा वाजता पुन्हा तेच. चाळीतल्या इतर बायका एकेक करून येऊन काकूंजवळ बसल्या. फिटर सुट्टीवर होता, त्याने सगळ्यांना चहा करून आणला. काकूंना आधी दिला. तो दोन्ही हातांत धरून त्या सावकाश प्यायल्या. एक वाजता मालकांनी चटई गुंडाळली, किल्ली माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाले, "न्या आत. पाऊस येल." त्या अंगणात त्यानंतर कुणाचं सामान आलं नाही. त्यांना पश्चात्ताप झाला असं मी म्हणणार नाही. त्यांना भूक लागली होती.

मी जाम खुशीत होतो. बायकोने देव आत नेले, मी सिलिंडर खांद्यावर घेतला. सात वर्षांचा राग एका दिवसात फिटला, असं वाटत होतं. काकू अजून खुर्चीवरच होत्या.

"एक विचारू रे तुला?" त्या म्हणाल्या.

"विचारा की."

"ती फाइल तू वाचलेलीस ना? सगळी?"

मी सिलिंडर खाली ठेवला. खोटं बोलता आलं असतं. इंग्रजी अवघड होतं, असं म्हणता आलं असतं.

"वाचली होती," मी म्हणालो. "त्या दिवशी सासरे आलेले. मालकांचा राग आला होता मला."

त्यांनी मान हलवली. राग येण्यासारखंच होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मालकांना सांगेन असंही त्या म्हणाल्या नाहीत. रिकामा कप त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवला आणि गुडघ्यांवरून हात फिरवत माझ्याकडे पाहिलं.

"ह्यांना नाय तर नाय," त्या म्हणाल्या. "मला तरी सांगायचंस रे. तवा मला चालता येत होतं."